सिकलसेल : उलगडलेला आजार, मागे राहिलेले रुग्ण

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, आनुवंशिकतेच्या धड्यात, सिकलसेलला एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तो गुणांपुरता पाठ करायचा असतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा नंदुरबारच्या वर्गात मात्र त्या परिच्छेदातला मुलगा शेजारच्याच बाकावर बसलेला असू शकतो. थंडी पडली की त्याची गैरहजेरी वाढते. रेणूच्या पातळीवर सर्वांत आधी उलगडला गेलेला आजार हाच. तरीही त्याच्यावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध हाती यायला उलगड्यानंतर जवळपास पाच दशके लागली. विज्ञानाने किती ओळखले आणि त्यातले रुग्णापर्यंत किती पोहोचले, हे तपासायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. निरोगी तांबडी पेशी मऊ, चकतीसारखी असते. केशवाहिनीतून जाताना ती अंग दुमडून घेते आणि सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदलले की या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, व्हॅलिन पाणी टाळणारे. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन मिळाला की ती पुन्हा सरळ होते, पण हे वारंवार घडल्यावर कायमची वाकडी राहते. अशी पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे; पेशी अडकतात म्हणून वेदना. आजाराची बहुतेक लक्षणे या दोन वाटांनी येतात.

जन्मानंतर काही महिने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते. ते ओसरू लागले की तळहात-तळपाय सुजतात, बाळ रडून घर डोक्यावर घेते. रक्त गाळून जंतू टिपणारी प्लीहा बालपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत जिवावर उठतो. पुढे ताप, थंडी, उन्हातली मेहनत किंवा पाणी कमी पडणे यांपैकी काहीही निमित्त होऊन हाडे ठणकू लागतात. काहींचा खुबा झिजतो, काहींना लहान वयात पक्षाघात होतो. डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून झाडपाल्याचे औषध आणि सांधे दुखले की वात समजून मालिश, अशी वर्षे निघून जातात.

या आजाराची लेखी नोंद १९१०ची. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातल्या विचित्र आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याच्या आनुवंशिकतेचे गणित मांडले. १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्राम यांनी नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले तेही शोधले. त्याआधी, १९५४ मध्ये, अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून मोठे कोडे सोडवले होते. एवढे घातक जनुक टिकले कसे? तर ज्यांच्याकडे त्याची एकच प्रत असते, त्यांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर तडाख्यापासून संरक्षण मिळते. गडचिरोली आजही राज्यातला मलेरियाचा प्रमुख जिल्हा आहे, यातून हा संबंध आपल्याला घरचा वाटावा.

भारतातली नोंद १९५२ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. आपल्याकडचा हा बदल आफ्रिकेहून वेगळा, स्वतंत्रपणे उद्भवलेला मानला जातो. महाराष्ट्रात गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या जमातींत तो आढळतो, तसाच विदर्भातल्या अनुसूचित आणि इतर मागास जातींतही. ‘आदिवासींचा आजार’ हे लेबल म्हणूनच अपुरे आहे, आणि त्या लेबलामुळे नागपूरच्या वस्तीतला रुग्ण नजरेतून सुटू शकतो.

गैरसमजाचे मूळ बहुधा वाहक आणि रुग्ण यांतला फरक न कळण्यात असते. सदोष जनुकाची एक प्रत असलेला वाहक सर्वसाधारणपणे धडधाकट असतो. दोघे वाहक विवाह करतात तेव्हा प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोषमुक्त असण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. वाहकाच्या जोडीदारात हिमोग्लोबिनचे कोणतेच सदोष जनुक नसेल, तर या आजाराचे मूल जन्मत नाही.

हे गणित सोपे आहे, पण ते माणसांवर लावताना विद्वानही घसरले. खुद्द पॉलिंग यांनी १९६८ मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी असे सुचवले होते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस भागात गावकऱ्यांच्या तपासण्या झाल्या. वाहकांकडे लोक संशयाने पाहू लागले, काहींनी निकाल लपवले आणि वाहक-वाहक विवाह काही घटले नाहीत. आपल्याकडे तपासणीनंतर रंगीत कार्ड दिले जाते. ते समुपदेशनाशिवाय हाती पडले, तर कार्ड मुलीच्या ट्रंकेत तळाशी जाते आणि बोलणी मोडल्याचा दोषही तिच्याच माथी येतो.

उपचारांचा आढावा घेताना एक गोष्ट ठळक दिसते : जीव वाचवणारी साधने स्वस्त आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवून दिले की लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकसचा घातक संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो. त्यासाठी बाळाच्या टाचेतले रक्त जन्मतःच तपासायला हवे. जोडीला लसी, फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी. कर्करोगावरचे जुने हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही गंभीर आजारी मुलांचा त्रास घटल्याचे दिसले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीची कमी धास्ती. दुसऱ्या टोकाला, २०२३ अखेर ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेला जनुक-संपादनाचा उपचार आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. बातम्यांत तोच गाजला.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. कागदावरची तयारी मोठी आहे. पण किती नमुने तपासले हा आकडा अर्धाच हिशेब सांगतो. वाहकांनी आपापसात लग्ने टाळली तरी जनुक पिढ्यान्‌पिढ्या राहणारच, आणि आज जन्मलेल्या रुग्ण मुलाला त्या सल्ल्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी निकष वेगळे हवेत : निदान पहिल्या वाढदिवसाआधी झाले का, प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया बारमाही मिळते का, दुखणे उसळल्यावर रात्री रक्तपिशवी किती अंतरावर आहे, आणि ते मूल दहावीपर्यंत शाळेत टिकले का. हे चार आकडे दरवर्षी जिल्हावार जाहीर झाले, तर अभियान कुठे पोहोचले हे सांगायला भाषणाची गरज उरणार नाही.