पाय सुकेनात

गोष्ट म्हणाल तर दहा-बारा वाक्यांची. अवसेच्या उधाणात खाजणाच्या बांधाला खांड पडते. उघाडीजवळ राखणीला एकटाच माणूस असतो. तो गावाकडे तोंड करून हाका मारतो, कुणी येत नाही. मग पलीकडच्या अंगाने एक जण येतो, काही न बोलता पाण्याकडे पाठ करून खांडीत उभा राहतो, आणि दोघे मिळून रात्रभर चिखलाचे गोळे थापत राहतात. कोंबडं आरवायच्या आधी खांड बुजते. राखणदार त्याला तंबाखू देतो. तो ती घेतो आणि गावाच्या वाटेला न लागता सुकतीच्या पाण्यात उतरून जातो. सकाळी राखणदार घरोघर विचारतो, रात्री कोण आलं होतं? कुणीच गेलेलं नसतं. तो घरी येतो, पाय धुतो, पुसतो, पण पाय सुकत नाहीत. चुलीपुढे धरले तरी ओलेच. सातव्या दिवशी माणूस जातो. खाट उचलतात, तर खालच्या सारवणावर मीठ फुललेलं. संपली.

ही मी नावड्यात ऐकली, सत्तरी ओलांडलेल्या एका आगरी आजींच्या तोंडून. नावडे म्हणजे आता नेमकं काय, हे सांगायला दिशा लागतात. एकीकडे मुंब्रा-पनवेल महामार्ग, दुसरीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, मध्ये सिडकोची कॉलनी, आणि दिवा-पनवेल मार्गावर ‘नावडे रोड’ नावाचं स्टेशन. 1 ऑक्टोबर 2016 पासून हे सगळं पनवेल महापालिकेत आहे. गावठाण तेवढं जुन्या जागी उभं आहे, तेही एकावर एक मजले चढवत. आजींची पडवी आता हॉल झाली आहे. पंखा आहे, टीव्ही आहे, आणि बाहेर कंटेनरचा हॉर्न वाजला की गोष्ट तेवढ्यापुरती थांबते.

मला भुतात रस नव्हता, सांगण्यात होता. ते काम कसं चालतं हे जवळून पाहायचं होतं.

आजी रिकाम्या हाताने गोष्ट सांगत नाहीत. मांडीवर सूप, सुपात सुका जवळा, आणि बोटं त्यातला कचरा वेचून बाजूला टाकतायत. तोंड आणि हात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असंच सुरुवातीला वाटतं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की संपूर्ण गोष्टीत हात फक्त दोनदा थांबतो. एकदा पलीकडचा माणूस येतो तेव्हा, आणि एकदा ‘पाय पुसलं’ म्हटल्यावर. हाकांच्या वेळी थांबत नाही, मरणाच्या वेळीही नाही. मरण त्या जवळा निवडता निवडता सांगून टाकतात. पोरं भितात ती मात्र हात थांबतो तिथे.

दुसरं, हुंकार. सुरू करायच्या आधी विचारणा होते, “हूं कोन देतं?” एकाने ते काम पत्करायचं. प्रत्येक वाक्यामागे त्याचा ‘हूं’ आला पाहिजे. नाही आला की आजी गप्प. पोरगं झोपलं असेल तर गोष्ट तिथेच मिटते, उद्या पहिल्यापासून. पण हुंकार नुसती हजेरी नसतो. ‘हूं’ सैल पडला की आजी चिखलाचे चार गोळे वगळून थेट तंबाखूवर येतात. ‘हूं’ आवळला, आवाज खाली गेला, की त्याच चिखलात रेंगाळतात: एक गोळा, पाणी तो नेतं, दुसरा गोळा, पाणी तो नेतं. रेडिओवर किंवा मोबाईलवर गोष्ट सांगणाऱ्याच्या हाती हे माप कुठून येणार? दिवसा मात्र काही केल्या सांगणार नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणे. कुणाचा मामा, हे विचारायचं नसतं.

आणि तिसरं, म्हणजे खरं काम, काय सांगायचं नाही ते. त्या माणसाचं तोंड कसं होतं? “कालोख व्हता ना रं.” कपडे? “चिखलानी भरलेला.” बोलला काय? “बोलाला येल कुठं व्हता?” कोण होता? इथे आजी सूप पाखडायला घेतात.

कोकणात भुतांची टंचाई नाही. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेल्या सामग्रीवरून आर. ई. एंथोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक सिद्ध केलं, ते 1915 च्या सुमाराचं. सामग्री जमली ती गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली धाडून. (जॅक्सन म्हणजे तोच, 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या तो.) त्या मास्तरांनी भुतं कशी ओळीने मांडली आहेत: वेताळ, मुंजा, खवीस, देवचार, झोटिंग, गिऱ्हा, हडळ, जखीण. प्रत्येकाची जागा ठरलेली, खोड ठरलेली. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, पाण्याच्या कडेला राहतो, वाटसरूला भुलवतो. आजींना ही सगळी नावं पाठ आहेत, इतर गोष्टींत त्या ती सढळ हाताने वापरतात. या गोष्टीत एकही नाही. ‘गिऱ्हा’ म्हटलं की काम तमाम, कारण गिऱ्ह्याचं पुढे काय करायचं हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. नाव पडलं की उपाय आला, आणि उपाय आला की भीती संपली. इथे तर तो माणूस भुलवत नाही, बुडवत नाही. उलट शेत वाचवतो. मग राखणदार मरतो का?

मी ऐकणाऱ्यांकडून थोड्या दिवसांनी तीच गोष्ट परत सांगून घेतली. ही माझी अक्कल नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हा खेळ केला होता. ‘भुतांची लढाई’ नावाची अमेरिकेतल्या मूलनिवासी कॅथलमेट लोकांची एक कथा त्यांनी इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि मग तासांनी, दिवसांनी, काहींकडून तर वर्षांनी आठवून लिहून घेतली. त्या कथेतही धुक्यातून होडी येते, एक तरुण त्या लोकांबरोबर लढाईला जातो, आपण भुतांबरोबर आहोत असं त्याला मध्येच उमगतं, तो घरी परततो, आणि सूर्य उगवताच तोंडातून काहीतरी काळं बाहेर येऊन मरतो. इंग्रजांच्या आठवणीत सीलची शिकार साधी मासेमारी झाली. ‘काहीतरी काळं’चा तोंडाला आलेला फेस झाला. आणि भुतं? ती बऱ्याच जणांनी गाळलीच. एकाने तर ‘भुतं’ हे एखाद्या टोळीचं नाव असणार असं ठरवून टाकलं. 1932 च्या आपल्या पुस्तकात बार्टलेट यांनी यावरून मांडलं की माणूस गोष्ट साठवून ठेवत नाही, आपल्या ओळखीच्या साच्यात ती दर वेळी नव्याने घडवतो.

नावड्यातही तेच होणार, पोरं भुताला काहीतरी शहाणपणाचं रूप देणार, असा माझा अंदाज होता. झालं उलटं. भूत जसंच्या तसं राहिलं. ओले पाय कुणीही विसरलं नाही. सातवा दिवस पक्का. खाटेखालचं मीठ एकाने वगळलं, बाकी सगळ्यांनी आवर्जून सांगितलं. गळाला तो बांध.

गावठाणातल्या सातवीतल्या मुलाच्या गोष्टीत बांधाची भिंत झाली होती, कंपाउंडची. खांडीला तो ‘लीकेज’ म्हणाला. कॉलनीत राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या मुलीने तलाव आणला आणि राखणदाराला वॉचमन केलं. तिसऱ्याने पाण्याची मोठी पाइपलाइन फोडली. उघाडी तर एकाच्याही गोष्टीत उरली नाही. शब्दच पोचला नव्हता. भरतीचं पाणी आत येऊ न देता शेतातलं पाणी सुकतीला बाहेर सोडणारं लाकडी दार, त्याच्या तोंडाशी जाळं लावून मिळणारी कोलंबी नि बोईट, यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नाही. रात्री पाण्यातून येणारा परका माणूस त्यांना लगेच पटतो. अडचण पडते ती शेताच्या कडेला समुद्राचं पाणी का असेल, याची. केंब्रिजकरांना भूत परकं होतं. इथे परकी झाली आहे ती जमीन, तीही ज्यांच्या आज्याच्या नावावर होती त्यांनाच.

त्यामुळे गोष्टीत पणाला काय लागलंय तेच बदलतं. खारं पाणी भातखाचरात शिरलं तर दोन-तीन पावसाळे तिथे दाणा धड पिकत नाही, हे माहीत असलेल्या माणसासाठी खांड बुजवणं म्हणजे गावाचा जीव वाचवणं. कंपाउंडचं लीकेज बुजवताना मेलेला माणूस तेवढा मोठा राहत नाही. पोरांच्या गोष्टीत म्हणूनच तो परका आपोआप वाईट ठरतो. आजींच्या गोष्टीत तो वाईट नाही, चांगलाही नाही.

मोठ्यांचं ऐकणं आणखी वेगळं. बांधावर खरोखर राबलेले एक आजोबा म्हणाले, खाऱ्या चिखलात रात्रभर उभं राहिलं की पाय पांढरेफटक पडतात, बधिर होतात, दोन दिवस आपले वाटत नाहीत; यात भुताचं काय? पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय याच कारणाने सडत होते, तेव्हा आजोबांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “न मीठ?” आजोबांनी तंबाखू मळायला घेतली.

तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा एक तरुण म्हणाला, पाण्यात काहीतरी सोडलं असणार. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच औद्योगिक पट्ट्यात निळे कुत्रे फिरताना दिसले होते, याच पट्ट्यातल्या प्रदूषित कासाडी नदीचं नाव तेव्हा देशभरच्या बातम्यांत आलं. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं आज ते कुत्रे भुताच्या गोष्टीसारखे सांगतात: रात्री दिसायचे, भुंकायचे नाहीत. कारण छापून आलं, पुरावा मिळाला, तरी गोष्ट पुन्हा काळोखात गेलीच.

एक शिक्षक मात्र रागावले. मुलांच्या डोक्यात हे भरवू नका म्हणाले. अंधश्रद्धेच्या नावावर या राज्यात काय काय झालं आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी काय किंमत मोजली, हे पाहता त्यांचा राग मला समजतो. पण या गोष्टीत मांत्रिक नाही, उतारा नाही, कुणाला काही द्यावं लागत नाही. भीती आहे, तिची वसुली नाही.

सगळ्यात नेमकं ऐकलं ते आजींच्या उरणकडून आलेल्या सुनेने. भाकऱ्या थापता थापता, वळूनही न बघता ती म्हणाली, “गाव आला नाय. बाकी सगलं मागनं.” खांड पडली की घरटी माणूस बांधावर, ही खाजणातली रीतच होती. हाका ऐकूनही कुणी उठलं नाही. म्हणजे प्रश्न ‘आला तो कोण’ हा नाहीच. आले नाहीत ते कोण? सकाळी राखणदार घरोघर विचारत फिरतो, ते मला तोवर गोष्टीतलं भरताड वाटत होतं. सुनेच्या वाक्यानंतर तोच भाग अंगावर येतो. प्रत्येक घर ‘आमी नाय’ म्हणतं, आणि ते खरंच असतं.

आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला तसा दिसला.” होकारही नाही, नकारही नाही.

बार्टलेट यांनी वापरलेली ती कथा मुळात फ्रान्झ बोआस यांनी चार्ल्स कल्टी नावाच्या माणसाकडून टिपून घेतली होती. कॅथलमेट बोलणारी मोजकीच माणसं तेव्हा उरली होती. बोआस यांनी त्याच्याकडून काही गोष्टी साडेतीन वर्षांनी, 1894 मध्ये, मुद्दाम पुन्हा सांगून घेतल्या, सांगणारा किती बदलतो ते पडताळायला. म्हणून मीही आजींना गोष्ट पुन्हा सांगायला लावली, या वेळी कॉलनीतली पोरं समोर बसवून.

भुताच्या भागात एक शब्द हलला नाही. हात त्याच दोन जागी थांबला. पण सुरुवात पार बदलली. आजींनी फरशीवर चपला ओळीने लावल्या, हा बांध. इकडे भात, तिकडे खाडी. तांब्यातलं पाणी ओतून भरती दाखवली, एक चप्पल सरकवून खांड पाडली. पाणी थेट एका पोराच्या चड्डीपर्यंत गेलं. राखणदार, उघाडी, सुकती, एकेक सांगत, विचारत, पुन्हा सांगत त्यांनी मूळ गोष्टीपेक्षा जास्त वेळ बांधावरच घालवला. ‘हूं’ देणारा कंटाळून गेला, तरी त्यांनी गाळलं नाही. एरवी हुंकार सैल पडला की पुढे पळणाऱ्या बाई इथे हट्टाने उभ्या राहिल्या. मग तो माणूस आला, खांड बुजली, पाय सुकले नाहीत, मीठ फुललं.

पोरं गप्प. मागे खुर्चीवर मोबाईल चाळत बसलेल्या एका पुतण्याने मात्र मान वर केली आणि विचारलं, “आये, त्यो बांध कनच्या सर्वे नंबरात व्हता? त्याचं साडेबारा टक्के कोनाला भेटलं?” जानेवारी 1984 मध्ये जासईच्या बाजूला गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्या लढ्यातून आलेली, सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत देणारी ही योजना; इथल्या प्रत्येक घराचं तिच्यावर काही ना काही म्हणणं आहे. आजी म्हणाल्या, “तुझ्या आज्याला इचार, त्यानी सही केलन.” झालं. आज्याने सही केली की अंगठा दिला, पैसे किती आले, चुलत्याचा वाटा कुठे गेला आणि प्लॉट कुठल्या सेक्टरला लागला, यावर मोठ्यांची जुंपली ती जेवणं होईपर्यंत. कॉलनीतल्या पोरांनी तेवढ्यात चपला पुन्हा ओळीने लावल्या आणि तांब्या भरून आणला.