कामगारांची मोजदाद आणि तिचा खर्च

देशात किती लोक कामावर आहेत आणि किती लोकांना काम मिळत नाही, हा प्रश्न वरवर पाहता साध्या मोजणीचा वाटतो. तो तसा नाही, हे मुंबईच्या कापड गिरण्यांतील बदली कामगाराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. गिरण्या भरात होत्या त्या काळी हा कामगार रोज पाळी सुरू होण्यापूर्वी गिरणीच्या दाराशी हजर राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल, तर त्याच्या जागी बदलीला आत घेत. सर्व आले असतील, तर तो घरी परते. समजा, एका आठवड्यात असा मनुष्य सहा दिवस दाराशी उभा राहिला आणि त्यांपैकी दोनच दिवस त्याला काम मिळाले. त्याला कामावर आहे असे म्हणावयाचे, की बेकार?

उत्तर मापावर अवलंबून आहे. पंचवार्षिक योजनांच्या आरंभीच्या काळात साऱ्या देशातील बेकारांचा एक ठोकळ आकडा देण्याची रीत होती. तो आकडा काढण्याची पद्धत तपासण्यासाठी तेव्हाच्या नियोजन मंडळाने १९६८ मध्ये तज्ज्ञांची एक समिती नेमली. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एम्. एल्. दांतवाला हे तिचे अध्यक्ष होते. १९७० मध्ये सादर झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की, ज्या देशात शेतकरी, शेतमजूर, घरचा धंदा करणारे आणि पगारी नोकर एकत्र नांदतात, तेथे एकच आकडा अर्थशून्य ठरतो. मोजणी निरनिराळ्या अंगांनी करावयास हवी.

यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने तीन मापे वापरण्यास सुरुवात केली. पहिले वर्षाचे : मनुष्य गेल्या ३६५ दिवसांत सामान्यतः काय करीत होता? दुसरे आठवड्याचे : गेल्या सात दिवसांत त्याने निदान एक तास तरी काम केले काय? तिसरे दिवसाचे : त्या सात दिवसांपैकी प्रत्येक दिवशी तो काय करीत होता? आपला बदली कामगार आठवड्याच्या मापाने कामावर ठरतो. दिवसाच्या मापाने मात्र त्याचे दोन दिवस कामाचे आणि चार दिवस बेकारीचे भरतात. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ज्याला बेकारी किती आहे एवढेच सांगावयाचे आहे, त्याला कदाचित पहिले उत्तर पुरेल. त्या कामगाराच्या घरी चूल किती दिवस पेटली असेल याचा अंदाज ज्याला घ्यावयाचा आहे, त्याला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

या मापांनी पहिली मोठी पाहणी १९७२-७३ मध्ये झाली आणि पुढे साधारणतः दर पाच वर्षांनी ती होत गेली. २००९-१० हे अवर्षणाचे साल असल्यामुळे त्या वर्षीचे आकडे प्रातिनिधिक मानावेत किंवा नाही अशी शंका निघाली. म्हणून २०११-१२ मध्ये ती पुन्हा करण्यात आली. अशा एकंदर नऊ पाहण्या झाल्या.

या कामाला खर्च किती लागतो, याची कल्पना सामान्य वाचकास नसते. २०१७-१८ च्या पाहणीत सुमारे १ लाख २ हजार कुटुंबांतील ४ लाख ३३ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. प्रत्येक कुटुंबाच्या दाराशी प्रशिक्षित मनुष्य जावा लागतो, आणि त्या पाहणीत शहरांत तर त्याच घरी तो एकंदर चार वेळा जाई. हा खर्च कोणी सोसावा? एखादा कारखानदार आपल्या खात्यातील कारागिरांची माहिती आनंदाने जमा करील. परंतु साऱ्या जिल्ह्यातील गवंड्यांची आणि शिंप्यांची माहिती त्याने स्वखर्चाने का गोळा करावी? तिचा लाभ त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच होणार. शिवाय अशा आकड्यांची खरी किंमत त्यांच्या मालिकेत असते. एका सालचा आकडा फारसा बोलत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवला म्हणजे तो बोलू लागतो. इतकी वर्षे थांबण्याची तयारी बहुधा सार्वजनिक निधीचीच असते, आणि तीही नेहमी असते असे नाही.

मालिका खंडित झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २०११-१२ नंतरची पाहणी नव्या स्वरूपात २०१७ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी आणि जुलै २०१७ मध्ये लागू झालेला वस्तू व सेवा कर, या दोन मोठ्या घटना याच सुमाराच्या. कामगार खात्याच्या स्वतंत्र पाहण्या मध्यंतरी झाल्या, परंतु त्याही पुढे थांबल्या. जुन्या पाहणीनुसार २०११-१२ मध्ये बेकारीचे प्रमाण २.२ टक्के होते; नव्या पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ते ६.१ टक्के निघाले. मग हे प्रमाण जवळजवळ तिप्पट झाले असे म्हणावे काय? नव्या पाहणीत कुटुंबांची निवड घरातील दहावी उत्तीर्ण व्यक्तींच्या संख्येनुसार केली होती, जुनीत ती उपजीविकेच्या साधनावर व घरखर्चावर आधारलेली होती. सुशिक्षितांत बेकारी अधिक आढळते. तेव्हा वाढीचा किती भाग खरा आणि किती पद्धतीचा, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद झाला. मधल्या वर्षांची पाहणी आता मागे जाऊन करता येत नाही. त्या काळात ज्यांचे काम गेले, त्यांची नोंद त्या मापाने कधीच होणार नाही.

कौशल्याची मोजणी याहूनही अवघड. २०१८-१९ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी केवळ २.४ टक्के लोकांनी रीतसर व्यावसायिक शिक्षण घेतल्याचे आढळले, आणखी ८.९ टक्के लोक वडिलांकडून, कामावर असताना किंवा स्वतःच शिकलेले होते. उरलेले सारे अकुशल मानावयाचे काय? मामाच्या हाताखाली दहा वर्षे विटा रचलेल्या गवंड्याला ‘प्रशिक्षण घेतले आहे काय?’ असे विचारले, तर तो बहुधा ‘नाही’ असेच सांगेल. शिकणे हा शब्द त्याने शाळेसाठी राखून ठेवलेला असतो.

ही अडचण आपल्याच देशाची नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९३९ मध्ये व्यवसायनामांचा एक प्रचंड कोश छापला. काम शोधणारा आणि काम देणारा यांची गाठ घालून देणाऱ्या कचेऱ्यांतील कारकुनांसाठी तो होता. पुढील आवृत्त्यांत प्रत्येक व्यवसाय माहिती, माणसे आणि वस्तू यांच्याशी किती गुंतागुंतीचा संबंध ठेवतो, हे अंकांनी दाखविले जाई. मोठा अंक म्हणजे कमी गुंतागुंत. १९६५ च्या आवृत्तीत लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला ८७८, म्हणजे जवळजवळ तळाचे अंक आले. १९८० मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या कोशाची तपासणी केली, तेव्हा स्त्रियांच्या कामाचे मोल त्यात कमी धरले गेल्याचा दोष दाखविला. दोष असूनही कोश टिकला, हे बरेच झाले. २००३ मध्ये ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्याच्याच नोंदींवरून १९६० ते १९९८ या काळात कामांचे स्वरूप कसे पालटले ते शोधून काढले. ठरावीक नियमांनी चालणारे काम, मग ते हाताचे असो वा टेबलावरचे, संगणकाने आपल्याकडे घेतले. विचार करून निर्णय घेण्याच्या आणि माणसांशी बोलून पटविण्याच्या कामांना मागणी वाढली. कारकुनांसाठी पैसे खर्चणाऱ्या खात्याला १९३९ मध्ये संगणकाची कल्पनाही नव्हती.

भारतात व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण १९५८ पासून आहे, आणि २०१५ मध्ये ते नव्याने तयार झाले. २०२५ पासून श्रमशक्तीचे आकडे दरमहा काढण्यात येऊ लागले. तथापि सारी इमारत उभी असते ती दाराशी विचारलेल्या प्रश्नावर. सोलापुरातील एखाद्या विणकराच्या घरी स्वयंपाक आटोपून कांड्या भरीत बसलेल्या स्त्रीला ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर येईल. तेवढ्यावर थांबले, तर तिची नोंद ९२ या अंकाखाली, केवळ घरकाम करणारी, अशी होते. विणलेला माल घरच्या वापरासाठी असेल, तर अंक ९३. तो बाजारात विकला जात असेल, तर ती घरच्या धंद्यातील मदतनीस ठरते. तिचा अंक २१, आणि देशातील काम करणाऱ्यांच्या संख्येत एकाची भर पडते. हा दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारण्यास दहा मिनिटे अधिक लागतात, आणि ते विचारावयाचे असतात हे पाहणी करणाऱ्याला आधी शिकवावे लागते.