कॅमेऱ्यामागचा संगणक ‘पाहतो’ म्हणजे काय करतो?

रेल्वे स्थानक, बँक, दुकान, चौक, इतकेच काय पण राहत्या इमारतीचा जिना, सर्वत्र आता कॅमेरे बसले आहेत. कॅमेरा बसविणे सोपे आहे. पण त्यातील चित्रण पाहायचे कोणी? एक कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो असे धरले, तर एका दिवसात २१,६०,००० चित्रे होतात. अनेक पडद्यांसमोर बसलेल्या माणसाचे डोळे थोड्याच वेळात थकतात. म्हणून हे काम संगणकाकडे सोपविले जाऊ लागले. तो ते कसे करतो आणि त्याच्या उत्तरावर कितपत विसंबावे, हे सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना सोप्या शब्दांत सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संगणकाला फक्त आकडे मिळतात. ६४० बाय ४८० आकाराच्या चित्रात ३,०७,२०० ठिपके असतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ यांपैकी एका आकड्याने दाखवितात. आताच्या चित्रातून आधीचे चित्र वजा केले की, जेथे काही हलले नाही तेथे उत्तर शून्याच्या जवळ येते. जेथे हालचाल झाली तेथे मोठा फरक उरतो. थोडक्यात, या विद्येचा पाया प्राथमिक शाळेतील वजाबाकी हाच आहे.

परंतु ढग आला, फांदी डोलली, मोटारीच्या दिव्याचा झोत भिंतीवर पडला, तरीही आकडे बदलतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील स्टॉफर व ग्रिमसन यांनी १९९९ साली एक पद्धत मांडली. तीत प्रत्येक ठिपक्यावर नेहमी कोणते आकडे येतात याचा हिशेब संगणक सतत ठेवतो आणि त्यात न बसणारे तेवढेच नवे मानतो. येथेही एक अडचण येते. फलाटावर ठेवलेली बॅग बराच वेळ तशीच राहिली, तर संगणक तिलाही फलाटाचाच भाग समजू लागतो! म्हणून बेवारस वस्तू शोधताना दोन हिशेब ठेवता येतात: एक लवकर बदलणारा, दुसरा सावकाश बदलणारा. पहिल्यात वस्तू जुनी झाली, पण दुसऱ्यात अजून नवी दिसते, याचा अर्थ ती अलीकडेच येऊन तेथेच थांबली आहे. सर्वच ठिपके एकदम बदलले, तर कॅमेरा कोणी फिरविला, झाकला किंवा दिवे गेले, असा संशय घ्यावा.

काहीतरी आले एवढे कळले; पण ते माणूस की जनावर? २००५ साली नवनीत दलाल व बिल ट्रिग्ज यांनी आकृतीच्या कडांच्या दिशा मोजून उभा माणूस ओळखण्याची पद्धत दिली. २०१२ नंतर लाखो चित्रे दाखवून संगणकाला शिकविण्याचा मार्ग रुळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेली ‘योलो’ ही पद्धत सेकंदाला ४५ चित्रे तपासून वस्तूंभोवती चौकटी आखू लागली. प्रत्येक चौकटीसोबत वस्तूचे नाव आणि खात्रीचा आकडा येतो. हा आकडा ०.८ असला तरी तो अंदाजच होय. किती आकड्याला इशारा द्यायचा, हे माणूस ठरवितो. मर्यादा खाली आणली तर खोटे इशारे वाढतात. वर नेली तर खरी घटना निसटते.

वस्तू ओळखण्यात चूक झाली तर फार तर धावपळ होते. माणूस ओळखण्यात चूक झाली तर त्याची अब्रू जाते. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, तर काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. शिकविताना ज्यांचे चेहरे कमी दाखविले जातात, त्यांच्याबाबत यंत्र अधिक चुकते. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे दुकानातील चित्रणाशी चेहरा जुळला म्हणून एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला अटक झाली. पुढे २०२४ साली न्यायालयीन तडजोडीत, केवळ अशा जुळणीवरून अटक करणार नाही, असे तेथील पोलिसांना मान्य करावे लागले. ‘योलो’चे प्रमुख निर्माते जोसेफ रेडमन यांनीही लष्करी वापर व खाजगीपणावरील आक्रमण या चिंतेपोटी २०२० साली हे संशोधन थांबविल्याचे जाहीर केले.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. म्हणून आपल्या वस्तीत, शाळेत वा कार्यालयात कॅमेरा बसेल तेव्हा चार प्रश्न अवश्य विचारावेत: चित्रण कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? यंत्राला कोणाची चित्रे दाखवून शिकविले? आणि चूक झाल्यास दाद कोठे मागायची?

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, गणित व संख्याशास्त्र मन लावून शिका. हे यंत्र ज्यांच्या हातून घडते, त्यांच्यात तुम्हीही असलात तर ते कोणाला ओळखते आणि कोणाला चुकते, हे तपासणारे डोळे वाढतील. यंत्राने बोट दाखविले तरी शहानिशा माणसानेच केली पाहिजे.