शोयू रामेन आणि उजनीची चिलापी

भिगवणला हायवेवर मच्छी खाऊन निघालेली मंडळी ‘काय अस्सल गावरान चव!’ म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. आमचं रान उजनीच्या पाण्याखाली गेलं. त्याआधी आजोबांच्या ताटात भीमेचे मासे असत, चिलापी नसे. चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांत पाणी पसरलं आणि त्यात हा पाहुणा मासा माजला. पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. पाणी फारच ओसरलं की ते अजूनही बाहेर येतं. म्हणजे ही ‘गावरान’ चव वयाने माझ्यापेक्षा लहान आहे.

टोकियोत हीच गंमत रामेनच्या वाडग्यात सापडली. माझी धाकटी बहीण निशी-कासाईला राहते. भारतीय इंजिनिअरांची ही जुनी वस्ती एडोगावा वॉर्डात येते. तिथल्या वॉर्ड सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. बहिणीच्या गल्लीत रामेनचं एक छोटं दुकान आहे. दाराशी मशिनमध्ये पैसे टाकायचे, शोयू रामेनचं बटण दाबायचं आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. बसायला जेमतेम आठ-दहा स्टुलं, त्यामुळे स्वयंपाक अगदी नाकासमोर चालतो.

शोयू म्हणजे सोया सॉस. सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर कोजी नावाची बुरशी वाढवतात, मग मिठाच्या पाण्यात ते मिश्रण कित्येक महिने आंबवतात. दुकानदार वाडग्यात आधी शोयूचा अर्क घालतो, थोडं सुवासिक तेल सोडतो आणि वर उकळता रस्सा ओततो. कोंबडीची, डुकराची हाडं तासन्‌तास उकळून हा रस्सा होतो. बरेच जण त्यात सुकवलेल्या छोट्या माशांची चव उतरवतात. मग नूडल्स. त्यांच्या पिठात क्षार असतो, आपल्या पापडखाराच्या जातीचा. त्यानेच त्या पिवळसर आणि चिवट होतात. वर डुकराच्या मांसाचे काप, बांबूचे कोंब, कांद्याची पात आणि समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा. शाकाहारी पाहुण्याने आधी विचारून घेतलेलं बरं. रस्स्यात काय आहे ते वरून दिसत नाही.

बहीण म्हणाली, “दादा, गप्पा नंतर. नूडल्स फुगतील.” आसपासचे लोक सुर्र आवाज करत ओढत होते. तिथे त्यात काही वावगं नाही. रस्सा खारट, किंचित गोडसर; तिखट अजिबात नाही. पहिल्या घोटाला मला मिरची आठवली, वाडगा संपेपर्यंत ती विसरलो.

आज हा पदार्थ जपानची ओळख आहे, पण मूळ नूडल्स चिनी. टोकियोच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये ओझाकी कानइची यांनी राइराइकेन हे दुकान काढलं, योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले आणि जपानी जिभेसाठी शोयूचा रस्सा दिला. रामेनचं पहिलं दुकान म्हणून बहुधा त्याचंच नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती. अमेरिकेतून आलेल्या गव्हावर रामेनच्या गाड्या चालल्या. १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी झटपट नूडल्स बाजारात आणल्या. बारामतीतल्या किराणा दुकानात टांगलेली नूडल्सची पुडकी त्यांच्याच वंशातली.

कुणाचा तरी आचारी, कुणाचा तरी गहू आणि टंचाईचे दिवस यांतून रामेन घडलं. भिगवणला धरणाचं पाणी आलं, परका मासा आला, जमीन गेलेल्यांतल्या काहींनी होडी धरली. भाजलेलं कांदा-खोबरं, लसूण आणि काळा मसाला मात्र आपलाच राहिला. बाहेरून आलेलं आपल्या मसाल्यात मुरवलं की एका पिढीत ते गावचं होतं. त्यासाठी हजार वर्षांची परंपरा लागत नाही. त्या चवीसाठी कुणाचं रान गेलं, एवढं मात्र जेवताना ठाऊक असावं.

उद्या भिगवणच्या एखाद्या पोराने चिलापीची डोकी उकळून रामेन केलं तर मी नाक मुरडणार नाही. नूडल्स संपल्यावर उरलेल्या रस्स्यासाठी ज्वारीची भाकरी मात्र मागेन.