फोन कुठे वाजणार, हे कोण ठरवतं?

१९९९ साली मार्क स्पेन्सर हा अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठातला विद्यार्थी लिनक्स वापरणाऱ्यांना मदत पुरवणारी एक छोटी कंपनी चालवत होता. ऑफिसला फोनची यंत्रणा हवी होती, पण बाजारातली ईपीएबीएक्स परवडणारी नव्हती. म्हणून साध्या कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा त्याने स्वतःच लिहायला घेतली. तिचं नाव ॲस्टरिस्क. तिचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, फुकट वापरता येतो. पुढे ती ब्राउझरमधून हाताळता यावी म्हणून फ्रीपीबीएक्स आलं आणि कोड न लिहिणाऱ्यांनाही ती वापरता येऊ लागली.

अशी यंत्रणा कॉम्प्युटरवर चढवायला एखादी दुपार पुरते. खरं काम त्यानंतरचं. आलेला फोन कुणाकडे जावा, बाहेर जाणारा कोणत्या लाइनवरून जावा, कुणी उचललाच नाही तर काय व्हावं, हे सगळं कॉल रूटिंगमध्ये येतं. यंत्रणा यातलं काहीही आपण होऊन ठरवत नाही. लिहून दिलेला नियम ती पाळते, आणि चुकीचा नियमही तितक्याच इमानाने पाळते. म्हणूनच इथले गैरसमज महागात पडतात.

गैरसमज १ : एक नंबर म्हणजे एक लाइन.

वस्तुस्थिती : तांब्याच्या तारेच्या काळात हे बहुतांशी खरं होतं. आता नंबर हा केवळ पत्ता असतो. एका वेळी किती बोलणी चालतील, हे चॅनेलवर ठरतं. एका पीआरआय लाइनवर ३० बोलणी एकाच वेळी चालतात आणि तिच्यावर शंभर वेगवेगळे नंबरही येऊ शकतात. एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी लाइन घेतली, तर चॅनेल किती हे करारात लिहिलेलं असतं. दोनच घेतले असतील, तर तिसऱ्या ग्राहकाला लाइन मिळत नाही, मग ऑफिसात फोन वीस का असेनात.

येणाऱ्या प्रत्येक नंबरासाठी फ्रीपीबीएक्समध्ये ‘इनबाउंड रूट’ लिहावा लागतो. इथली नेहमीची चूक नंबराच्या रूपाची असते. पुण्याचा नंबर टेलिफोन कंपनी ९१२० ने सुरू करून पाठवते, ०२० ने की नुसत्या २० ने, हे आधी यंत्रणेच्या लॉगमध्ये पाहायला हवं. रूटमध्ये वेगळं रूप लिहिलं असेल आणि उरलेले सगळे फोन झेलणारा रिकामा रूटही नसेल, तर फोन करणाऱ्याला ‘हा नंबर सेवेत नाही’ अशी इंग्रजी सूचना ऐकू येते. ऑफिसात मात्र कुणाला पत्ताही लागत नाही.

गैरसमज २ : नियम ज्या क्रमाने लिहिले, त्याच क्रमाने लागू होतात.

वस्तुस्थिती : कुठे होतात, कुठे नाही. ॲस्टरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये, म्हणजे तिच्या नियमांच्या यादीत, नंबरांचे साचे लिहिलेले असतात. एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कोणताही आकडा, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९ आणि टिंब म्हणजे पुढे काहीही. एकाच कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे नियमांच्या एकाच गटात, दोन साचे जुळले, तर ॲस्टरिस्क वरचा नियम घेत नाही. जो अधिक नेमका असेल तो घेते. ‘काहीही’ हा साचा पहिल्या ओळीवर असला, तरी मोबाइलचा नेमका साचाच जिंकतो.

फ्रीपीबीएक्सच्या ‘आउटबाउंड रूट’मध्ये मात्र क्रमच मोलाचा. तिथे यादी वरून खाली पाहिली जाते आणि पहिला जुळणारा रूट लागू होतो. सर्वांत वर ‘काहीही’ ठेवलं, तर खालचे काळजीपूर्वक लिहिलेले रूट कधी वापरलेच जात नाहीत.

भारतातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. ते प्रत्येक कर्मचाऱ्याने लक्षात ठेवायची गरज नाही. ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की त्याच्या आधी शून्य जोडायचं, एवढा एक नियम लँडलाइनच्या ट्रंकसाठी पुरतो.

गैरसमज ३ : रिंग ग्रुप काय आणि क्यू काय, एकच.

वस्तुस्थिती : रिंग ग्रुप ठरलेले फोन ठरलेल्या सेकंदांपुरते वाजवतो आणि कुणी उचलला नाही, तर कॉल पुढच्या ठिकाणी सोडून देतो. क्यू ग्राहकाला बँकेतल्या टोकनासारखा नंबर देऊन थांबवून ठेवते, त्याला ‘तुमच्या आधी इतके जण आहेत’ असं सांगू शकते, आणि सर्वांत कमी फोन घेतलेल्या किंवा सर्वांत जास्त वेळ मोकळ्या असलेल्या माणसाकडे कॉल देऊ शकते. चार माणसांच्या ऑफिसला रिंग ग्रुप पुरे. तक्रार कक्षाला क्यू हवी.

गैरसमज ४ : दहा ते सहा अशी वेळ घातली की काम झालं.

वस्तुस्थिती : कोणत्या घड्याळाचे दहा? भाड्याचा सर्व्हर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर असतो. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. टाइम झोन बदलला नाही, तर ‘दहा ते सहा’चं ऑफिस दुपारी साडेतीनला उघडतं आणि रात्री साडेअकराला बंद होतं. सुट्ट्यांचंही तसंच. १ मे आणि १५ ऑगस्ट एकदा लिहिले की दरवर्षी चालतात. गणेश चतुर्थी, दिवाळी आणि ईद यांच्या तारखा मात्र दरवर्षी नव्याने भराव्या लागतात. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरलेलं बरं.

गैरसमज ५ : दुसऱ्या कंपनीची ट्रंक जोडली की फोन कधीच बंद पडणार नाहीत.

वस्तुस्थिती : बाहेर जाणाऱ्या फोनांपुरतं हे बरंचसं खरं. पहिली ट्रंक नकार देते, तेव्हा कॉल दुसरीकडे वळतो. पण पहिली नकारही न देता गप्प राहिली, तर एसआयपीच्या नियमांनुसार उत्तराची वाट बत्तीस सेकंदांपर्यंत पाहिली जाते. तेवढ्यात माणूस फोन ठेवून देतो. म्हणून ट्रंकला ठरावीक अंतराने हाक मारून ती जिवंत आहे का हे पाहणारी सोय चालू ठेवावी.

येणाऱ्या फोनांचं काय? ग्राहकाजवळचा नंबर पहिल्या कंपनीचा आहे. तिची लाइन तुटली, तर तो फोन आपोआप दुसऱ्या कंपनीकडून येत नाही. तो दुसऱ्या नंबरावर वळवायची सोय पहिल्या कंपनीच्याच एक्स्चेंजमध्ये करून घ्यावी लागते.

गैरसमज ६ : आमचं ऑफिस लहान, त्यावर कोण हल्ला करणार?

वस्तुस्थिती : हल्ला करणाऱ्याला ऑफिसचं नावही ठाऊक नसतं. स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटभर पोर्ट ५०६० वर उत्तर देणारी यंत्रणा शोधत असतात. सापडली की एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसातल्या फोनचा अंतर्गत नंबर, आणि पासवर्ड यांच्या जोड्या लावून बघतात. ‘२०१’ या एक्स्टेन्शनचा पासवर्डही ‘२०१’ असेल, तर रात्रीतून किंवा शनिवार-रविवारी महागड्या परदेशी नंबरांवर फोन लागत राहतात. बिल ऑफिसच्या नावावर येतं.

बाहेरून फोन येत नाहीत म्हटल्यावर अनेक जण निनावी एसआयपी कॉल स्वीकारायची खूण चालू करतात. फोन येऊ लागतात, पण त्याबरोबर दार सगळ्या जगाला उघडं होतं. त्याऐवजी ट्रंकच्या सेटिंगमध्ये टेलिफोन कंपनीचे आयपी पत्ते नोंदवावेत. बाहेरून आलेल्या कॉलच्या कॉन्टेक्स्टमधून बाहेर फोन लावायची वाट ठेवू नये. परदेशी नंबरांचा रूट वेगळा करून त्याला पिन लावावा, आणि गरजच नसेल तर ती सेवा कंपनीकडूनच बंद करून घ्यावी.

गैरसमज ७ : बाहेरच्या लाइनसाठी आधी ० किंवा ९ दाबायचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावी, एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या तरुणीवर तिच्या विभक्त पतीने जीवघेणा हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर चार वेळा लावला. तिला तेच शिकवलं होतं. फोन लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागे. कारी वाचली नाही. तिच्या वडिलांनी मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून बसवलेल्या अशा प्रत्येक यंत्रणेतून तिथे ९११ थेट लागलाच पाहिजे.

आपल्याकडे आणीबाणीचा नंबर ११२. शिवाय पोलिसांचा १००, अग्निशमनाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ लोकांच्या तोंडी आहेत. आणि आपल्याच असंख्य ऑफिसांत एक्स्टेन्शन नेमके १०० पासून सुरू केलेले असतात. तिथे घाबरलेल्या माणसाने १०१ फिरवला, तर अग्निशमन दलाऐवजी शेजारच्या टेबलावरचा फोन वाजतो. उपाय अगदी सोपा आहे. एक्स्टेन्शन २०० पासून किंवा चार आकडी ठेवायचे, आणि आणीबाणीच्या नंबरांचा रूट कोणत्याही उपसर्गाशिवाय, पिनशिवाय, यादीत सर्वांत वर ठेवायचा.

तपासण्यासाठी ११२ ला फोन लावून तिथल्या यंत्रणेचा वेळ घ्यायची गरज नाही. ॲस्टरिस्कच्या कमांडलाइनवर ‘डायलप्लॅन शो’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे नंबर व कॉन्टेक्स्ट लिहिला की तो नंबर कोणत्या नियमाला जुळतो, ते फोन न लावताच दिसतं. ज्यांच्या ऑफिसात, शाळेत किंवा दवाखान्यात अशी यंत्रणा आहे, त्यांनी १००, १०१, १०८ आणि ११२ हे चार नंबर आजच असे तपासून घ्यावेत.