लष्करचा सराफा

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस किल्ला पाहतो, जयविलास पाहतो, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडतो आणि परतीच्या गाडीत बसतो. महाराज बाड्याला लागूनच असलेल्या सराफ्यात तो क्वचितच शिरतो. याची मला हळहळ वाटते. शिंद्यांच्या तळाचे शहर झाले ते इथल्या सावकारी पेढ्यांच्या बळावर.

इंग्रजांशी झालेल्या १८०५च्या तहाने ग्वाल्हेर दौलतराव शिंद्यांना परत मिळाले. १८१०मध्ये त्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो पुन्हा हलला नाही. तेच आजचे लष्कर. कंपू, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ, दौलतगंज ही मोहल्ल्यांची नावे वाचली की छावणीचा नकाशाच समोर येतो. पण ही फौज सतत थकलेल्या पगारावर जगत होती. १८०९मध्ये दौलतरावांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने, पगारासाठी धरणे धरून बसलेल्या शिपायांची हकीकत लिहून ठेवली आहे. अशा वेळी सावकार पुढे होई. तो रोख पैसा देई, बदल्यात एखाद्या परगण्याच्या वसुलीवर वरात, म्हणजे त्या वसुलातून पैसे घेण्याचा हुकूम, घेई. वसूल हाती आला की कारभारातही शब्द चाले.

गोकुळ पारख हे त्यातले मोठे नाव. गुजरातचे, पुष्टिमार्गी वैष्णव, दौलतरावांचे खजिनदार. मथुरेचे प्रसिद्ध द्वारकाधीश मंदिर १८१४च्या सुमारास त्यांनीच बांधले. त्यांना मूलबाळ नव्हते. एवढी दौलत त्यांनी भाऊबंदांना डावलून आपल्या पदरच्या मणिराम या जैन माणसाला दिली. धर्मापेक्षा विश्वासाला मान देणारा हा निर्णय मला त्यांच्या मंदिराइतकाच मोठा वाटतो. मणिराम पुढे मथुरेचे शेठ म्हणून गाजले. वृंदावनचे रंगजी मंदिर त्यांच्या मुलांचे. १८५१मध्ये पुरे झालेल्या त्या कामाला ४५ लाख रुपये लागले, असे सांगतात. इकडे लष्करात ‘पारखजी का बाडा’ हे नाव अजून पत्त्यांवर लिहिले जाते.

सराफ्यात आज दागिन्यांची दुकाने आहेत. खाली गर्दी असते, वर नजर टाकली तर जुन्या हवेल्यांचे कोरीव दगडी सज्जे दिसतात. याच रस्त्यावर अमरचंद बांठियांचा पुतळा आहे. बिकानेरहून आलेले हे जैन व्यापारी जयाजीराव शिंद्यांचे खजिनदार होते. जून १८५८मध्ये तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले, तेव्हा बांठियांनी खजिना क्रांतिकारकांसाठी खुला केला आणि त्यातून शिपायांचे थकलेले पगार भागले. इंग्रजांनी शहर परत घेताच २२ जूनला त्यांना याच बाजारात कडुनिंबाच्या झाडावर फाशी दिली.