कांद्याला थंडावा मानवतो की ऊब?

एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा चाळीत पडतो तो दिवाळीपर्यंत टिकावा या आशेने. त्यातला बराच कांदा वजनातली घट, सड आणि कोंब यांत जातो. ही नासाडी कमी करायची, तर तापमानाबद्दलच्या काही समजुती आधी तपासायला हव्यात.

गैरसमज : वाळवलेला कांदा निर्जीव असतो.
वस्तुस्थिती : कांदा हा जिवंत कंद आहे. साठवणीतही त्याचे श्वसन चालूच असते. साखर खर्ची पडते. उष्णता, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तापमान वाढले की हा खर्चही वाढतो. मात्र काढणीनंतर काही आठवडे कंद सुप्तावस्थेत असतो, म्हणून लगेच कोंब येत नाही.

गैरसमज : जागा जितकी थंड, तितका कोंब कमी.
वस्तुस्थिती : कोंब सर्वांत जोमाने वाढतो तो साधारण 10 ते 20 अंश सेल्सिअसला. 0 ते 2 अंशांना त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि 25 ते 30 अंशांनाही ती दबून राहते. म्हणजे अर्धवट गारवाच घातक. पावसाळा सरून रात्री गार होऊ लागतात, तोवर सुप्तावस्थाही संपलेली असते. म्हणून तेव्हा चाळीत कोंब दिसू लागतात.

गैरसमज : मग उष्णता जितकी जास्त, तितके बरे.
वस्तुस्थिती : उन्हाच्या झळांनी कांद्यातले पाणी उडते, वजन घटते. ऊब आणि दमटपणा एकत्र आले की काळी बुरशी धरते. चाळीत 25 ते 30 अंश तापमान, 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि खालून-बाजूंनी खेळती हवा हवी. थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नको.

गैरसमज : शीतगृहातला कांदा बाहेर आल्यावरही तसाच टिकतो.
वस्तुस्थिती : गार कांद्याला दमट हवा लागली की त्यावर पाणी सुटते, आणि उबेत आल्यावर कोंबही झपाट्याने येतो. तापमान टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि माल लवकर विकावा. घरच्या फ्रीजमधली हवाही दमट असते. अख्खा कांदा मोकळ्या हवेच्या टोपलीतच बरा.

गैरसमज : कोंब आलेला कांदा विषारी असतो.
वस्तुस्थिती : सोलॅनिनचा धोका कोंब आलेल्या आणि हिरवट बटाट्याला, कांद्याला नाही. कांदा घट्ट असेल, सडलेला नसेल, तर कोंबासकट खाता येतो.

गैरसमज : विकिरण केले की साठवणीची चिंता मिटते.
वस्तुस्थिती : लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात गॅमा किरणांचा अल्प मारा करून कोंब रोखला जातो. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. पण हे काम सुप्तावस्थेतच उरकावे लागते आणि सड काही त्याने थांबत नाही.

साठवण चाळीत नव्हे, शेतातच सुरू होते. निम्म्या माना पडल्यावर काढणी करा, पातीसकट वाळवा, थोडी मान ठेवून पात कापा आणि पुन्हा सावलीत सुकवा. डेंगळे, जोडकांदे आणि जाड मानेचे कांदे आधी विका. चाळीत फक्त निवडलेलाच कांदा भरा.